वल्द, साकिन, बाकी कोरं

चाळीसेक वर्षांपूर्वी नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडमध्ये पणजोबाच्या बापाचं नाव विचारत फिरणाऱ्या माणसाकडं लोक जरा संशयानंच बघायचे. जमिनीचा वाद असणार, नाहीतर वाटणी मागायचा बेत असणार, असा सरळ हिशेब. भावकीत कुणाच्या ओसरीवर वही घेऊन टेकलं की घरातल्या म्हाताऱ्याच्या आधी त्याचा थोरला मुलगा बाहेर यायचा. "कशाला पाहिजे, गुरुजी?" नुसतं माहीत करून घ्यायचंय, हे उत्तर कुणाला पटत नसे. माझ्या एका चुलत आजोबांनी तर सुनावलंच होतं, "मेलेल्याला उकरून काय निघणार? जित्याची खबर घे की." शाळेच्या नोकरीबरोबर लागलेला हा नाद नोकरी संपली तरी सुटलेला नाही.

पुण्या-कोकणाकडं कुलवृत्तांत म्हटलं की छापील जाडजूड ग्रंथ समोर येतो. आमच्याकडं ती चैन नाही. मुखेड सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. तिथं 1880च्या दशकात कारभाराची भाषा फारसीची उर्दू झाली. म्हणजे आजोबांच्या काळचा सरकारी कागद उर्दूत, त्यांच्या आजोबांच्या काळचा फारसीत आणि देशमुख-देशपांड्यांची, सावकारांची दप्तरं मोडीत. वर कालगणना वेगळीच. एखाद्या कागदावर "5 आबान 1347 फसली" असं दिसतं. फसलीचं वर्ष आझर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून धरायचं. सनात 590 मिळवायचे, पण मधे जानेवारी लागला असेल तर 591. आबान हा वर्षाचा शेवटचा महिना, तेव्हा तो कागद सप्टेंबर 1938चा. हे गणित एकदा बोटांवर बसलं की बसलं.

कागदावर मिळतं काय? नाव, पुढं "वल्द" म्हणून बापाचं नाव, "साकिन" म्हणून गाव, कधी जात. आडनाव बहुतेक ठिकाणी नाहीच. घाईच्या हाताचा कारकून असला तर नुक्तेही नाहीत, आणि नुक्ते नसले की उर्दूत "बाबा" आणि "नाना" एकसारखेच दिसतात. आमच्या घराण्यात नेमके दोन्ही होते, सख्खे भाऊ. आठ आणे शेतसारा कुणी भरला, बाबानं की नानानं, यावर मी आणि गावातले एक निवृत्त उर्दू शिक्षक एक अख्खी दुपार भांडलो आहोत. शेवटी सर्व्हे नंबरावरून नाना ठरला. शेत आपली जागा सोडत नाही, म्हणून माणसापेक्षा शेताच्या मागं लागावं, हे मला तेव्हा उमगलं. मराठवाड्यात त्यासाठी हक्काचा दस्तऐवज म्हणजे 1954-55चं खासरा पाहणी पत्रक. कूळ कायदा 1950 साली आला, त्याच्या पाठोपाठचं हे पत्रक. मालक कोण, प्रत्यक्ष कसतो कोण, हे त्यात सापडतं. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधला तो पिवळा, कडा झडलेला कागद मला आजवरच्या कुठल्याही पोथीपेक्षा जास्त बोलका वाटला आहे.

वाचणारी माणसं तेव्हा होती, ही त्या काळाची खरी श्रीमंती. 1948च्या आधी शिकलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांचं शिक्षण उर्दूतून झालेलं. कपाळाला गंध लावलेला म्हातारा चष्मा सारखा करत उजवीकडून डावीकडं घडाघडा वाचायचा. निलंग्यात 1910 साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी फारसी-उर्दूच्या जोरावर मोठे इतिहासकार झाले. पण गावोगाव त्या भाषेवर फक्त पोट भरलेले पटवारी आणि पेशकार होते, आणि माझ्या कामाचे तेच होते. 2000 सालापर्यंत ती पिढी जवळजवळ सरली. कागद उरले, वाचणारे गेले.

जिल्ह्यांचा घोळ वेगळाच. माझं आजोळ उदगीर भागातलं. ते गाव 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होतं, मग उस्मानाबादेत गेलं, 1982 पासून लातुरात आहे. आजोळचं घर जागचं हललं नाही, त्याची दप्तरं मात्र कुठं कुठं शोधायची! तिकडं मुधोळ तालुका 1956 साली नांदेडातून निघून आंध्रात गेला आणि आदिलाबादचा किनवट आमच्याकडं आला. बोधनच्या साखर कारखान्यावर गेलेली भावकीतली एक शाखा त्या सीमेपलीकडं राहिली. त्यांची आजची मुलं तेलुगूत भांडतात, पण बारशाला नाव ठेवताना अजून आमच्याच पूर्वजांची यादी मागवतात.

काही कुळांना कागदच लागत नाही. बंजारा तांड्यांवर ढाडी येऊन वंशावळ गातात, काही घरांत भाटाची वही येते. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशीच्या उपाध्यांकडं गाव आणि आडनाव सांगितलं की ते नेमकी वही काढतात. पंडे-उपाध्यांच्या अशा वह्यांचं मोल ओळखून अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळ संस्थेनं हरिद्वार वगैरे ठिकाणच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म कधीच करून घेतल्या. आमच्या तालुक्यातल्या पेट्यांवर मात्र वाळवी चढत होती.

एका ठिकाणी मात्र सगळेच धागे तुटतात. 1948 साली निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनच्या आगेमागे. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या भीतीनं पळालेल्या घरांच्या गोष्टी आमच्याकडं आवडीनं सांगितल्या जातात. नंतरच्या आठवड्यांत मुसलमान शेजाऱ्यांचं काय झालं, हे विचारलं की ओसरी गप्प होते. त्या हिंसेची पाहणी करायला सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड, उस्मानाबाद, बीदर आणि गुलबर्गा धरले होते. ज्या उर्दू शिक्षकांनी मला नाना आणि बाबा वेगळे करून दिले, त्यांची स्वतःची वंशावळ 1948च्या अलीकडं सुरू होते. मी पुढं विचारलं नाही. काही पानं विचारून भरत नसतात.

मग कायदा आला. जात पडताळणीचा राज्याचा कायदा 2000चा. शपथपत्रावर वंशावळ काढून द्यायची. इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा. हा कायदा आल्यापासून लोक माझ्याकडं यायला लागले. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा हा त्यातला मोठा आधार. आता मास्तर म्हणून सांगतो, त्या रजिस्टरातली जन्मतारीख कुणी फार मनावर घेऊ नये. आमच्या भागातली अर्धी जनता 1 जूनला जन्मलेली आहे.

खरा पूर आला तो 2023 साली. अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणासाठीचं उपोषण चालू असताना सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या तहसिलींतून गठ्ठे बाहेर निघाले. खासरा, कुळांची नोंदवही, गाव नमुना 14, कारागृहाच्या नोंदी, दारू-ताडीच्या परवान्यांच्या वह्यासुद्धा. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. ज्या गठ्ठ्यासाठी मी दिवसभर बाकावर बसून राहायचो, त्याचं स्कॅन आता जिल्ह्याच्या संकेतस्थळावर दिसू लागलं. याचा मला आनंद झाला, हे नाकारत नाही. पण सगळा शोध एका शब्दापाशी येऊन थांबला. "कुणबी" दिसला की फोटो, नाही दिसला की पान उलटा. त्याच पानावर पणजोबानं विहीर खोदायला काढलेलं कर्ज आहे, भावाशी झालेला तंटा आहे; तिकडं कुणी ढुंकूनही बघत नाही. हैदराबाद गॅझेटियरचा तर इतका गाजावाजा झाला, पण त्यात जातींचे आकडे आहेत, माणसांची नावं नाहीत. आकड्यातून आपला आजा कसा शोधायचा?

सरकारनं 2 सप्टेंबर 2025ला गॅझेटियरच्या आधारे गावपातळीवर चौकशी समित्यांचा निर्णय काढला. त्याच्या पंधरवडा आधी लेंडी नदीच्या पाण्यानं आमच्याच तालुक्यातल्या हसनाळ, रावणगावात घरं बुडाली, माणसं गेली. जिथं धान्याची कणगी वाचली नाही तिथं पत्र्याच्या पेटीतला कागद कुठून वाचणार, आणि त्याच गावांना आता 1967च्या आधीचा पुरावा द्यायचा आहे.

भाचे-पुतणे फोन करतात, "काका, आपलं काही निघतंय का?" निघतं ते बापाकडूनच. 2024च्या जानेवारीत सगेसोयऱ्यांनाही कुणबी दाखला देण्याच्या नियमाचा मसुदा आला तेव्हा सोयरीक हा शब्द चौकाचौकांत गाजला, तरी प्रमाणपत्राची वंशावळ बाईला मोजत नाही ती नाहीच. जुन्या नोंदींतही बाईचं नाव नवरा गेल्यावरच येतं, "मुसम्मात अमुक बेवा तमुक". माझ्या पणजीचं नाव मला 1951च्या कुळांच्या नोंदवहीत मिळालं, तेही ती विधवा होऊन स्वतः जमीन कसत होती म्हणून. तिचं माहेर कंधारकडच्या दोनपैकी एका गावचं, इथपर्यंत येऊन पोचलो आहे. त्यातल्या एका गावात नव्वदी उलटलेल्या एक आत्याबाई आहेत, कान गेलेले पण नाती पाठ. त्यांच्या नातवाला फोन केला, तर त्यानंही आधी तेच विचारलं, "गुरुजी, प्रमाणपत्रासाठी का?"