पाठांतर पुरेसे नाही, हातांना सराव हवा



आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुली आज एएनएम, जीएनएमचे शिक्षण घेत आहेत. बीड जिल्ह्यात अशा मुली भेटल्या की मी एक प्रश्न हमखास विचारते : समोर माणूस कोसळला, श्वास थांबला, तर काय कराल? ‘तीस दाब, दोन श्वास’ हे उत्तर लगेच येते. पण उशी पुढे ठेवून ‘करून दाखवा’ म्हटले की हात अडखळतात. बरगडी मोडली तर? परक्या पुरुषाच्या छातीला हात कसा लावायचा?

हृदय थांबल्यावर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. वाडी-तांड्यावर १०८ ची गाडी एवढ्या लवकर पोहोचत नाही. मोडलेली बरगडी जुळते, गेलेला जीव परत येत नाही. आणि संकोच वाटला तर आठवा : घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला कोणी हात लावत नव्हते, तेव्हा भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतः आंघोळ घातली.

क्रम असा : खांदे हलवून हाक मारा. प्रतिसाद नसेल तर मदतीला बोलवा, १०८ ला फोन लावा. दहा सेकंदांच्या आत श्वास आणि मानेची नाडी पाहा. आचके म्हणजे श्वास नव्हे. रुग्णाला कडक जमिनीवर उताणे झोपवा. तळहाताचा मनगटाकडील भाग छातीच्या मध्यभागी ठेवा, कोपर ताठ ठेवा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दर दोन मिनिटांनी दाबणारी व्यक्ती बदला. तोंडाने श्वास देणे शक्य नसेल तर अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाला नुसते दाब द्या, थांबू नका. विहिरीत बुडालेल्याला आणि लहान मुलाला मात्र श्वासही द्यावा लागतो.

हे कौशल्य सराव नसेल तर काही महिन्यांतच हातातून जाते. म्हणून मुलींनो, परीक्षेपुरत्या एका प्रात्यक्षिकावर समाधान मानू नका. दर तीन महिन्यांनी पुतळ्यावर सराव मिळावा, अशी मागणी आपल्या शिक्षिकांकडे करा. तो आपला हक्क आहे.

जयंती मंडळांनाही विनंती आहे. १४ एप्रिलच्या उन्हात मिरवणुकीला मोठी गर्दी असते. त्याआधी एक रविवार बुद्धविहारात या प्रशिक्षणासाठी ठेवा. बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय येथे प्रशिक्षकासाठी लेखी अर्ज द्या. तिथे आपल्या मुलींनाच पुढे उभे करा. चार लोकांसमोर एकदा करून दाखवले की हाताची भीती जाते.