आज कोणती उघडायची?

घरात वाइनच्या पाच-दहा बाटल्या असतात तोवर हिशेब ठेवावा लागत नाही. त्या डोळ्यांसमोर असतात, पाहुणे आले की संपतात. कॅलिफोर्नियात हे गणित नकळत बदलतं. नापा, लिव्हरमोर, पासो रोब्लेस अशा ठिकाणी एखाद्या रविवारी फिरायला गेलं की वायनरीच्या क्लबात नाव नोंदवलं जातं आणि मग दर काही महिन्यांनी खोकं दारात येऊ लागतं. सॅन होजेला राहणाऱ्या माझ्या मावसभावाचं असंच झालं. स्वयंपाकघरातला छोटा वाइन-फ्रिज भरला, गॅरेजमध्ये मोठा आला, उरलेल्या बाटल्या जिन्याखालच्या कपाटात आडव्या झाल्या. दोनशेच्या आसपास बाटल्या आणि यादी कुठेच नाही. ती करायला मी त्याच्याबरोबर बसलो.

भावाने फोनवर तीन-चार ॲप आधीच उतरवून ठेवली होती. तो मला त्यातले आलेख दाखवत होता: कोणत्या देशाच्या किती बाटल्या, सरासरी किंमत किती, वगैरे. वहिनी मागून म्हणाल्या, "भाऊजी, मला एवढंच कळू दे. आज मटण आहे, तर कोणती उघडू? आणि ती ठेवलीय कुठे?"

निवडीची खरी कसोटी वहिनींच्या त्या दोन प्रश्नांत होती.

वाइनची यादी पुस्तकांच्या यादीसारखी नसते, कारण कपाटात पडल्या पडल्या बाटलीतला माल बदलत असतो. सॅन होजेच्या जवळच, कुपर्टिनोच्या वरच्या डोंगरात, रिज वायनरीचा मोंटे बेल्लो हा मळा आहे. 1976 साली पॅरिसमध्ये फ्रेंच आणि कॅलिफोर्नियन वाइनची नावं झाकून चव घेतली गेली, तेव्हा तिथली 1971 ची कॅबर्ने लाल वाइनमध्ये पाचवी आली होती. तीस वर्षांनी, 2006 मध्ये, त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या गेल्या, तेव्हा तीच पहिली आली. पण अशी दीर्घायुषी वाइन विरळा. बहुतेक सोव्हिन्यों ब्लाँ आणि रोझे दोन-तीन वर्षांत प्यायच्या असतात. त्या जपून ठेवणं म्हणजे त्या वाया घालवणं. भावाच्या कपाटात सगळ्यात मागे अशाच बाटल्या निघाल्या, कारण नवी खोकी पुढे लागत गेली होती.

भावाचा पहिला कल एक्सेलकडे होता. त्यात वाईट काही नाही. उत्पादक, नाव, साल, प्रदेश, किंमत, खरेदीची तारीख, जागा, इतके रकाने पुरतात. पण प्रत्येक बाटली कधी प्यावी हे ज्याचं त्याने शोधून भरायचं. शिवाय हातात ग्लास असताना फोनवर एक्सेल उघडून ओळ शोधणं कुणाच्याही हातून होत नाही. आठवडाभरात यादी आणि कपाट यांची फारकत होते.

विव्हिनो वेगळ्या कामाचं आहे. 2010 मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या या ॲपला लेबलाचा फोटो दाखवला की ते वाइन ओळखतं आणि लोकांनी पाचपैकी किती गुण दिले ते सांगतं. दुकानात उभं राहून ठरवायला ते झकास. बाटल्यांची नोंदही त्यात ठेवता येते. अडतं ते सालाशी. लेबलावर साल बारीक अक्षरात असतं, कधी बाटलीच्या गळ्यावर असतं, आणि फोटोतून नेमकं तेच निसटतं. बारकोडवर विसंबावं, तर अनेक वायनऱ्या दरवर्षी तोच बारकोड वापरतात. म्हणून ॲप कोणतंही असो, साल डोळ्यांनी वाचून हाताने तपासायचं. हा कंटाळा करू नये. 2016 च्या जागी 2019 पडलं, तर बाटली कधी प्यावी याचा अंदाजच चुकतो.

शेवटी आम्ही स्थिरावलो ते सेलरट्रॅकरवर. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या एरिक लेव्हाइन यांनी 2003 मध्ये स्वतःच्या बाटल्यांसाठी ते लिहायला घेतलं आणि 2004 मध्ये सर्वांना खुलं केलं. दिसायला ते साधं आहे, पण स्वतः बाटल्या सांभाळणाऱ्या माणसाने बनवल्याचं जागोजागी जाणवतं. पैसे दिले पण खोकं अजून आलं नाही, अशी नोंद वेगळी करता येते. अर्धी बाटली, दीड लिटरची मोठी बाटली, हे माप निवडता येतं. इतर सभासदांनी तीच वाइन कधी उघडली, कशी लागली, हे वाचता येतं आणि त्यावरून पिण्याजोगा काळही दिसतो. प्रत्येक बाटलीसाठी स्वतंत्र बारकोडची चिकटपट्टी छापायचीही सोय आहे.

नोंदी करायला बसल्यावर कळलं, की वेळ जातो तो योग्य नाव शोधण्यात. एकाच उत्पादकाच्या चार मळ्यांच्या चार पिनो न्वार असतात, लेबलं जवळजवळ सारखी, फक्त मळ्याचं नाव वेगळं. भाऊ लेबल मोठ्याने वाचायचा, मी शोधायचो. जागेच्या रकान्यात भावाला प्रत्येक खाचेचा क्रमांक हवा होता. इनव्हिंटरीसारख्या ॲपमध्ये रॅकचं त्रिमिती चित्र दिसतं आणि बाटली नेमकी कुठल्या खाचेत आहे तेही, त्याचा त्याला मोह पडला होता. मी विरोध केला. फ्रिजची क्षमता बोर्दोच्या सडपातळ बाटलीवर मोजलेली असते. बर्गंडी किंवा शॅम्पेनची पोटाड बाटली आली की शेजारची जागा जाते, बाटल्या इकडच्या तिकडे होतात. आम्ही 'गॅरेज, वरून तिसरा कप्पा' इतकंच लिहिलं. कप्प्यात सात-आठ बाटल्या असतात, हात लगेच पोचतो.

दोन ठिकाणी सॉफ्टवेअरचं म्हणणं बाजूला ठेवावं लागलं. जिन्याखालचं कपाट उन्हाळ्यात तापतं. वाइनला बारा-तेरा अंश सेल्सियस मानवतं, गरम जागेत ती लवकर वयात येते, आणि ॲपला त्या कपाटाचा पत्ता नसतो. तिथल्या बाटल्यांचा काळ आम्ही हाताने कमी केला. दुसरं ठिकाण म्हणजे नाशिकहून आणलेली सुलाची रासा शिराझ. कॅलिफोर्नियात द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास उतरतात, नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये. साल एकच लिहिलेलं असलं, तरी नाशिकची वाइन साधारण अर्ध्या वर्षाने मोठी असते. म्हणून ॲपमध्ये स्वतःचा काळ भरायची मुभा असलीच पाहिजे. नसेल तर ते घेऊ नये.

यादी घराबाहेर असणंही या भागात महत्त्वाचं. 24 ऑगस्ट 2014 च्या पहाटे नापाजवळ 6.0 तीव्रतेचा भूकंप झाला आणि वायनऱ्यांत आणि घरांत बाटल्यांचा खच पडला. विमा कंपनीला काय फुटलं हे दाखवायचं, तर खरेदीच्या किमतीसह यादी हवी. पण दुसऱ्याच्या संगणकावरची यादी आपल्याला परतही मिळायला हवी. आम्ही पाहिलेल्या एका ॲपमधून ती बाहेर काढताच येत नव्हती. ते तिथेच बाद झालं. सेलरट्रॅकरमधली यादी साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये उतरते, आणि तिची प्रत भावाने मुलीला ईमेलने पाठवून ठेवली.

त्या रात्री वहिनींनी फोनवर 'गॅरेज' निवडलं, काळ संपत आलेल्या बाटल्या वर आल्या आणि त्यांनी एक झिनफंडेल काढली. बूच काढायच्या आधी 'प्यायली' अशी नोंदही त्यांनीच केली. मला ही नोंद सगळ्यात मोलाची वाटते. बाटली येताना माणूस उत्साहात असतो, सगळं भरतो. जाताना हात गुंतलेले असतात, पाहुणे बोलत असतात. जावक चुकली की घरात नसलेल्या बाटल्या यादीत दिसू लागतात आणि पुढच्या वेळी कुणी ती यादी उघडत नाही.

तेव्हा ॲप घेताना आधी फक्त वीस बाटल्या भरा. त्यातली एक, घरात जी व्यक्ती खरोखर बाटली उघडते तिच्याकडून काढून घ्या आणि नोंद किती सहज होते ते बघा. मग पूर्ण यादी फाइलमध्ये उतरवून पाहा. या दोन्ही गोष्टी जमल्या तरच एकविसावी बाटली भरा. आणि संग्रह चाळीस-पन्नास बाटल्यांचाच असेल, तर फ्रिजच्या दारावर अडकवलेली वही आणि पेन्सिल पुरेशी आहे.