नाशिकच्या वकीलबाई!

भारतातल्या पहिल्या महिला वकील कॉर्नेलिया सोराबजी जन्मल्या आपल्या नाशिकमध्ये, १८६६ साली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. परीक्षेत अव्वल आल्या, म्हणजे विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती हक्काचीच! पण ती बाईमाणसाला द्यायची नाही, असं ठरलं. मग विलायतेतल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली. देणाऱ्यांत कोण, तर फ्लॉरेन्स नाइटिंगेल!

१८९२ मध्ये ऑक्सफर्डची बीसीएल ही कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरल्या. त्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. परीक्षा पास, पदवी मात्र नाही. ती हाती पडली १९२२ मध्ये, तब्बल ३० वर्षांनी!

मायदेशी परतल्यावर १८९६ मध्ये पुण्याच्या कोर्टात एका खून खटल्यात आरोपीच्या बचावाला उभ्या राहिल्या. तेव्हा वकिलीच्या सनदेचा पत्ता नव्हता. पुढच्याच वर्षी मुंबईची एलएलबी झाली, १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही झाली. तरी सनद नाहीच.

सनद नसतानाही एका संस्थानात त्यांनी बाजू मांडली, आणि अशील होता चक्क हत्ती! तिथल्या राजेसाहेबांनी निकाल कॉर्नेलियाबाईंच्या बाजूने दिला. कारण? राजेसाहेबांच्या कुत्र्याला बाई आवडल्या. निकाल बाजूने लागला, पण युक्तिवाद ऐकलाच गेला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यांचं खरं मोठं काम मात्र पडद्याआड झालं. जमीनदार घराण्यांतल्या पडदानशीन विधवांच्या नावावर इस्टेटी असत, पण परपुरुषासमोर यायचं नाही, मग वकिलाशी बोलणार कोण? नातेवाईकांचं फावे. सरकारने बाई सल्लागार नेमावी म्हणून कॉर्नेलियाबाईंनी पिच्छा पुरवला आणि १९०४ मध्ये अशा इस्टेटी सांभाळणाऱ्या बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्स या सरकारी खात्यात ती जागा त्यांनाच मिळाली. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम पालथे घालत सुमारे ६०० बायका-मुलांना त्यांनी आधार दिला. पोटगी, वारसा, मुलांचं शिक्षण, सगळं त्या बघत. ऑक्सफर्डच्या पदवीपेक्षा हा ६०० चा आकडा मला मोठा वाटतो.

स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा झाला १९२३ मध्ये. तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. तरीही त्यांनी कलकत्त्यात वकिली सुरू केली!

गांधीजींच्या चळवळीला त्यांचा कडवा विरोध होता, त्यामुळे अनेक जण दुरावले. हे मत मला पटत नाही, पण त्या विधवांची बाजू मांडायला त्या काळी दुसरं होतं कोण?