कॉम्प्युटर हळू चालतोय? नवा घेण्याआधी रॅम तपासा

मैत्रिणींनो, ऑफिसमधला जुना कॉम्प्युटर कर्जाची यादी उघडायला पाच-पाच मिनिटं लावतो. मग बैठकीत विषय निघतो, "नवाच घेऊन टाकू." पण तो पैसा आपल्या बचतीचा आहे. म्हणून आधी रॅम तपासा.

हार्ड डिस्क म्हणजे घरातली कोठी आणि रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा लहान असला की सारखे डबे आत-बाहेर करावे लागतात. कॉम्प्युटरचंही तसंच होतं.

आधी तपासा. नेहमीची कामं उघडी ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' बघा. आकडा सतत 85-90 टक्क्यांच्या वर राहत असेल, तर रॅम कमी पडतेय. आकडा निम्म्यावरच असेल, तर दुखणं दुसरं आहे. रॅमवर खर्च करू नका.

कोणती घ्यायची? डीडीआर3 आणि डीडीआर4 पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. डीडीआर4 बाजारात 2014 पासून आली, त्याआधीच्या मशीनला ती चालत नाही. सोपा उपाय म्हणजे जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्या. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती घेऊ नका. विंडोज 32 बिटचं असेल, तर 4 जीबीपेक्षा जास्त रॅमचा उपयोग होत नाही.

बसवताना मशीन बंद करून वायर काढा. डब्याच्या लोखंडी भागाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. कडेच्या खिट्ट्या उघडा, खाच जुळवा, दोन्ही टोकं सारखी दाबा. 'टक' आवाज आला की बसली. सुरू करताना नुसतं बीप-बीप वाजलं तर घाबरू नका. मशीन बंद करून वायर काढा, पट्टीचे सोनेरी दाते खोडरबराने हलके पुसून ती परत बसवा.

आपल्या नोंदी जातील का? नाही. हिशोब हार्ड डिस्कवर असतो, रॅम बदलल्याने पुसला जात नाही. तरीही आधी पेनड्राइव्हवर कॉपी काढून ठेवा.

दुकानदार "मशीन इथंच सोडा" म्हणाला, तर एका ताईने समोर थांबावं. काढलेली पट्टी परत मागा, पक्की पावती आणि वॉरंटी घ्या, आणि खर्चाची नोंद बैठकीच्या वहीत करा.