दूध-अंडे सोडले, तर तूट कशी भरावी?

एकोडी-साकोलीकडचा आपला भाग भाताचा. वरणभात, पालेभाजी आणि जवसाची चटणी हे आपले रोजचे जेवण. मांस-मासळी व अंड्यांबरोबर दूध-दहीही कोणी सोडले, तर त्या आहारास व्हीगन म्हणतात. काय सोडावे हे ज्याचे त्याने ठरवावे. हिशेब मात्र चोख ठेवावा, असे आम्हास वाटते.

भाताच्या प्रथिनातील उणीव डाळ भरून काढते. तीळ, नाचणी व शेवग्याचा पाला कॅल्शियम देतात. पाल्यातील लोह अंगी लागावे म्हणून जेवणात लिंबू घ्यावे. चहा तासभर लांब ठेवावा.

एक खाते मात्र रिकामेच राहते, ब-१२ जीवनसत्त्वाचे. ते डाळ-भाजीत नसते. गरज दिवसाला २ ते २.५ मायक्रोग्रॅमचीच, पण यकृतातील जुन्या शिल्लकेवर काही वर्षे निभते आणि तूट उशिरा कळते. थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात. अशा वेळी लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळीवरच विसंबू नये. फॉलिक ॲसिडने रक्त सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते.

म्हणून दूध-अंडे सोडल्या दिवसापासून ब-१२ ची गोळी सुरू करावी. वेष्टनावर सायनोकोबालामिन किंवा मिथाइलकोबालामिन हे नाव व प्रमाण वाचून घ्यावे. कॅप्सूलचे कवच बहुधा जनावरांपासून काढलेल्या जिलेटिनचे असते, त्यापेक्षा साधी गोळी बरी. प्रथिनांच्या महागड्या डब्याआधी हा खर्च करावा.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय राहू नये. आईची तूट बाळाच्या मेंदूच्या वाढीला भोवते.