पक्षी हाकेला कसा फसतो?

आज मी तुम्हांला पूर्वीच्या शिकारीची माहिती सांगणार आहे. मी फासेपारधी आहे. फास लावतात म्हणून फासेपारधी. माझे आजोबा लहानपणी त्यांच्या वडिलांबरोबर रानात जात. ही माहिती त्यांनी मला सांगितली. काही गुरुजींनी सांगितली.

पक्ष्यामागे धावून पक्षी सापडत नाही. तो आपण होऊन आला पाहिजे. त्यासाठी त्याचा स्वभाव माहीत पाहिजे. स्वभाव तीन प्रकारचे.

पहिला स्वभाव भांडणाचा. नर तितर आपली जागा राखतो. सकाळी तो "क-तीतर, क-तीतर" असे ओरडतो. म्हणजे ही जागा माझी, असे सांगतो. शिकारी पाळलेला नर तितर पिंजऱ्यात घालून रानात ठेवत. भोवती घोड्याच्या केसांचे बारीक फास लावत. पाळीव तितर ओरडला की रानातला तितर चिडून भांडायला येई आणि त्याचा पाय फासात अडके. अकबर बादशहाच्या काळी असेच पाळीव हरणाच्या शिंगांना जाळे बांधून रानातले हरीण धरत. ते ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथात लिहिले आहे.

दुसरा स्वभाव सोबतीचा. बदके तळ्यात आधी बसलेली बदके बघून खाली उतरतात. त्यांना वाटते, इथे भीती नाही. हे साऱ्या जगातल्या शिकाऱ्यांना माहीत होते. अमेरिकेत नेवाडा राज्यात लव्हलॉक नावाची गुहा आहे. तिथे १९२४ साली लव्हाळ्याची केलेली खोटी बदके सापडली. ती सुमारे २००० वर्षांपूर्वीची आहेत! आमच्यातले काही लोक शिकवलेल्या गाईच्या आडून चालत. गाईला जनावरे भीत नाहीत. त्या लोकांना गायपारधी म्हणतात.

तिसरा स्वभाव हाकेचा. लावा पक्ष्याच्या मादीसारखा आवाज काढला की नर जवळ येतो. आवाज तोंडाने काढायचा. जरा चुकला की पक्षी गप्प बसतो. आजोबा म्हणतात, "तितर डोळ्यानं न्हाई, कानानं धरायचा असतो."

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आता तितर मारणे, धरणे, पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. हे बरोबरच आहे. नाहीतर रानात पक्षी उरणार नाहीत. पण शिकार गेली तेव्हा आमच्या लोकांचे पोटही गेले. शेत नव्हते, शाळा नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगतो. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्यात पारध्यांनाही घातले. मूल जन्मले की त्याच्यावरही शिक्का! तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तरी अजून कुठे चोरी झाली की काही लोक आधी आमच्या वस्तीकडे बघतात. पारधी म्हणजे चोर नव्हे. पारधी म्हणजे रानाची माहिती असलेला माणूस.

ही माहिती आता मारायला नको, मोजायला पाहिजे. कोणता पक्षी कुठे आहे, किती आहेत, घरटी कधी करतो, हे आवाजावरून कळते. मारुती चितमपल्ली हे वनखात्यात मोठे अधिकारी होते. त्यांनी रानातल्या लोकांकडून पक्ष्यांची नावे आणि सवयी शिकून घेतल्या व पुस्तकांत लिहिल्या.

आम्हीपण पक्ष्यांची वही केली आहे. आजोबा आवाज ऐकून पक्षी सांगतात, मी नाव लिहितो. आजोबांना लिहिता येत नाही. आतापर्यंत १७ पक्षी झाले. त्यांतले ५ मला न बघता ओळखता येतात.

ज्यांना शिकायचे आहे त्यांनी रविवारी सकाळी आमच्या वस्तीवर यावे. पालकांनीही यावे. गोफण मात्र घरी ठेवून यावे.

— इयत्ता ४ थी