रात्री जवळ कोण असतं?

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या आईवडिलांना एकच घोर असतो: आमच्या माघारी याचं कसं होणार? गेल्या चाळीस वर्षांत आपण या प्रश्नाला संस्था, कायदे आणि इमारती उभ्या करून उत्तर दिलं. 1984 मध्ये सिकंदराबादला राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्था सुरू झाली आणि आपल्या नांदेडकरांना ती मुंबईपेक्षा जवळची होती. 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला अधिकार मिळाले, विशेष शिक्षकाला मान्य अभ्यासक्रम आणि नोंदणी आवश्यक झाली. 1999 मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा आला आणि प्रौढ मुलाचं पालकत्व ठरवणारी समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसू लागली. लातूरजवळ हरंगुळला ‘संवेदना’, शहरात ‘उमंग’ अशी मुलांसाठी मोलाची कामं उभी राहिली. पण शाळा पाच वाजता सुटते आणि वय अठरावर थांबत नाही. निवासी घरातल्या तीस वर्षांच्या माणसाला आंघोळ घालणारा, जेवू घालणारा, रात्री त्याच्या शेजारी झोपणारा काळजीवाहक मात्र या सगळ्या व्यवस्थेत शिकायचा राहूनच गेला. शिक्षकाला जी अट घातली, ती त्यालाही घातल्याशिवाय प्रौढांचं घर हे घर होणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

या दुर्लक्षाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. फेब्रुवारी 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय गृहातल्या काही मतिमंद तरुणींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, असं कारण पुढे केलं गेलं. पॅड कधी बदलायचं, कुठे टाकायचं, हे यातल्या अनेकींना शिकवता येतं. त्याला महिनोन्‌महिने लागतात, एकेक पायरी पुन्हापुन्हा करून घ्यावी लागते आणि ते करून घेणारी बाई आधी शिकलेली असावी लागते. जे काम शिकवण्याने होण्यासारखं होतं, ते शस्त्रक्रियेने उरकलं गेलं. पुढे 2011 मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या अशाच मुलांच्या बालगृहातले लैंगिक अत्याचार उघड झाले. तिथे घडला तो गुन्हाच होता. प्रशिक्षणाने गुन्हेगार सुधारतो, असं मी म्हणणार नाही. पण बोलता न येणारी मुलगी अचानक जेवण टाकते, आंघोळीला घाबरते, याचा अर्थ काय आणि तक्रार कुणाकडे करायची, हे शेजारच्या कर्मचाऱ्याला ठाऊक असेल, तर गुन्हा फार काळ लपत नाही.

प्रशिक्षणाचा आग्रह धरला की ठरलेलं उत्तर मिळतं: हे मायेचं काम आहे, ते शिकवून येत नाही. माया हवीच, तिच्यावाचून हे काम कुणाच्याने होणार नाही. पण फिट आल्यावर मायेपोटीच कांदा हुंगवला जातो, दातांत चमचा घातला जातो. खरं तर माणसाला कुशीवर वळवायचं असतं, घड्याळ बघायचं असतं आणि पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर दवाखाना गाठायचा असतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्याला आडवं ठेवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो, हेही मायेला आपोआप कळत नाही. मायेचा दुसरा धोका म्हणजे ती सगळं स्वतःच करून टाकते. इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांची मोठी रुग्णालयं बंद करून त्यांना छोट्या घरांत आणलं, तेव्हा केंट विद्यापीठाचे जिम मॅन्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की नुसतं घर लहान झाल्याने त्यांचा दिवस कामाने भरत नाही. कर्मचारी काम कसं वाटून देतात, यावर ते ठरतं. आपल्याकडे हे भाकरीवरून समजेल. पीठ चाळणं, पाणी ओतणं, मळणं, थापणं, तव्यावर टाकणं अशी कामाची फोड केली, तर ज्याला तव्याजवळ जाता येत नाही तोही परातीशी बसतो. ही फोड करता येणं हेच काळजीवाहकाचं खरं कौशल्य आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो खोटा नाही. तुटपुंज्या पगारावरचा माणूस शिकला की पुण्याच्या हॉस्पिटलात निघून जातो. पण त्याला थांबवायचा मार्ग त्याला अडाणी ठेवणं नव्हे, शिकलेल्याला वेगळी पगारश्रेणी देणं हा आहे. अभ्यासक्रमांची तर वानवा नाही. पुनर्वास परिषदेचा काळजीवाहकांसाठी दहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. राष्ट्रीय न्यासाने काळजीवाहकांच्या प्रशिक्षणासाठी ‘सहयोगी’ योजना आणली. 2021 मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या मदतीने सहा महिन्यांचा समुदायाधारित अभ्यासक्रमही सुरू झाला. नांदेड-लातूरच्या दानशूरांनी अशा संस्थांना खोल्या, पंखे, वाढदिवसाची जेवणं आजवर भरभरून दिली. यंदा जेवण देण्याआधी रात्रपाळीला कोण असतं आणि तो काय शिकला आहे, एवढं विचारा, आणि त्याच्या प्रशिक्षणाची फी भरा.